डोंगर एवढा पोपटी कुठं असतो? तेलरंगातल्या लँडस्केपबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सहज एका ओळीत लिहिलं होतं की साताऱ्यातल्या आमच्या क्लासमध्ये यंदापासून ऑईलमधलं लँडस्केप वेगळं शिकवायला घेतलंय, आठवड्यातनं दोन दिवस, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, दार लावून. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. बरेचसे व्हॉट्सअॅपवर आले, दोन तर चक्क पोस्टकार्डावर. त्यातले निम्मे हिरव्या रंगाचे, पाऊस चालू आहे म्हणून असेल. जमतील तेवढे घेतलेत. दोघांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं होतं, मग सगळ्यांचीच नावं काढली, वाद नको.

प्रश्न: मॅडम, मी बँकेतून रिटायर झालो, वय ६१. हौसेनं ऑईलचा क्लास लावला. दीड महिना झाला, सर एकाच ब्राऊन रंगात काम करून घेतायत. लावायचं, कापडानं पुसायचं, परत लावायचं. घरी बायको म्हणते अहो फी भरून चहाचे डाग पाडायला जाता का. मला अजिंक्यतारा रंगवायचाय, कधी रंगवणार? (गोडोली, सातारा)

उत्तर: काका, आधी तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा. हल्ली दीड महिना थांबणारा विद्यार्थी मिळत नाही आणि थांबवणारा मास्तर तर त्याहून नाही, तिसऱ्या दिवशी हातात सूर्यास्त द्यावा लागतो नाहीतर चौथ्या दिवशी माणूस येत नाही.

तो ब्राऊन बहुतेक बर्न्ट अंबर असणार. तो मुद्दाम देतात, कारण त्या मातीत मँगनीज असतं आणि त्यामुळं तो बाकीच्या रंगांपेक्षा लवकर वाळतो, टर्पेंटाईननं पातळ करून लावला तर दुसऱ्या दिवशी त्यावर काम करता येतं. पण खरं कारण वेगळंय. रंग काढून घेतला की तुमच्याकडं फक्त उजेड आणि अंधार उरतो, आणि लँडस्केप उभं राहतं ते त्यावरच. उद्या सकाळी सातला पोवई नाक्यावर उभे राहा आणि डोळे किलकिले करून किल्ल्याकडं बघा. किल्ला शहराच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याला दिसते ती त्याची उत्तरेची बाजू, तिच्यावर हिवाळ्यात ऊन कमीच पडतं, म्हणून तो बऱ्याचदा एक मोठा सपाट गडद तुकडा दिसतो. आकाश सगळ्यात उजळ, डोंगर मधला, आणि पुढची झाडं आणि घरांच्या सावल्या सगळ्यात गडद. झाले तीन टोन. एवढे तीन बरोबर बसले तर त्यावर तुम्ही डोंगर जांभळा केला तरी साताऱ्याचा माणूस म्हणेल हा अजिंक्यतारा, आणि हे चुकलं तर एकेक दगड काढला तरी कोणी ओळखणार नाही.

अजून एक. आपण सगळे एलिमेंटरी-इंटरमिजिएटवाले, जलरंगाचे, तिथं पांढरा म्हणजे कागद सोडायचा. ऑईलमध्ये उलटं, गडदाकडून उजळाकडं यायचं आणि पांढरा शेवटी घट्ट लावायचा. मी माझ्या पहिल्या ऑईलमध्ये ढगांसाठी कॅनव्हास कोरा सोडला होता, आमचे सर लांबून बघत म्हणाले, ढग कुठंय, हे तर भोक पडलंय. पुसायची सवय लागतेय ती लागू द्या. आणि सरांना सांगा की याच ब्राऊनमध्ये अजिंक्यतारा करू द्या, ८ बाय १० इंचाचा बोर्ड, पाऊण तास, तीन टोन. ते नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न: ताई, कराडजवळ शेतात घर आहे, दारातून ऊस, भात, सोयाबीन, मागं डोंगर, सगळं हिरवंगार. मी सॅप ग्रीनची ट्यूब वापरते, फिकट पाहिजे तिथं पांढरा, गडद पाहिजे तिथं काळा. चित्र प्लास्टिकच्या चटईसारखं दिसतं. मुलगा म्हणतो आई हे क्रिकेटचं ग्राऊंड आहे का. काय चुकतंय? (कराड)

उत्तर: मुलगा बरोबर बोलतोय हो, त्याला रागावू नका. तुम्ही सगळ्या शेताला एकच हिरवा दिलाय आणि त्याला फक्त उजळ-काळोखं केलंय. पांढरा घातला की हिरवा थंड होतो, खडूसारखा, आणि काळा घातला की मरतो. ती ट्यूब दोन महिने कपाटात ठेवा. फेकू नका, महाग असते, नंतर लागेल.

आता पॅलेटवर अल्ट्रामरीन ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि पांढरा एवढेच काढा. अल्ट्रामरीन आणि लेमन यलोचा एक हिरवा होतो, अल्ट्रामरीन आणि ऑकरचा दुसरा, जरा मातकट, ऑलिव्हसारखा, आणि आपल्याकडचं नोव्हेंबरनंतरचं निम्मं गवत त्यातच येतं. कुठलाही हिरवा फार ओरडायला लागला की त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना, म्हणजे लालाकडचा रंग, लगेच गप्प बसतो. आणि गंमत म्हणून काळ्यात लेमन यलो मिसळून बघा, काळ्यातनं हिरवा निघतो, जुना, झाडाखालच्या सावलीचा हिरवा. मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

मग दारात बसा आणि नुसतं बघा, ब्रश हातात घेऊ नका. ऊस पिवळट असतो, आणि पान लांब आणि गुळगुळीत असल्यामुळं त्यावर आकाश चमकतं, म्हणजे उजेडातला ऊस हिरवा कमी आणि पांढुरका-निळसर जास्त दिसतो. भात पोपटी, सगळ्यात कोवळा. सोयाबीन भातापेक्षा गडद, पण काढणीला आलं की पिवळं पडतं. आंब्याचं झाड जवळपास काळं, त्यात वरच्या पानांवर निळसर चकाकी. बाभूळ राखाडी. म्हणजे एकाच शेतात चार-पाच हिरवे झाले आणि त्यातला एकही ट्यूबमध्ये मिळत नाही.

आता डोंगर. तुमच्याकडून आगाशिव दिसत असेल. पावसाळ्यात तो हिरवा असतो हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण हिरवा लावतो, डोळा मात्र वेगळंच सांगत असतो. एक जुनं पोस्टकार्ड घ्या, मधोमध पाच रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा, हात लांब करून त्या भोकातून फक्त डोंगराचा तुकडा बघा, बाकी काही दिसू देऊ नका. राखाडी-निळा निघेल, कधी जांभळट. मधल्या हवेमुळं असं होतं. हवेतले कण निळा उजेड जास्त विखुरतात, म्हणून डोंगर जेवढा लांब तेवढा त्याच्यावर निळसर पडदा, आणि त्याच्या उजेड-अंधारातला फरकही कमी होत जातो. लिओनार्दो दा विंचीनं हे पाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, लांबचे डोंगर निळे करा म्हणून. आपल्या पावसाळ्यात तर हवेत एवढी वाफ असते की निळ्यापेक्षा पांढुरकाच जास्त दिसतो. मग शेताचाच हिरवा घ्या, त्यात अल्ट्रामरीन, जरासा क्रिमसन, म्हणजे गडद लाल, हा एक डोंगरापुरता जास्तीचा काढा, आणि बऱ्यापैकी पांढरा. इथं पांढरा चालतो, इथं तो हवेचं काम करतो. डोंगर मागं गेला की शेत आपोआप पुढं येतं, शेताला हात लावावा लागत नाही.

आणि ढगाळ दिवशी झाडाखाली काळी सावली काढू नका. नसतेच ती. फोटोच्या सवयीनं आपण काढतो.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये कासला जाऊन दीडशे फोटो काढले, त्यातला बेस्ट लॅपटॉपवर लावून, ग्रिड मारून, १८ बाय २४ च्या कॅनव्हासवर उतरवला. सगळे म्हणतात हुबेहूब. मलाच तो मेडिकलच्या दुकानातल्या कॅलेंडरसारखा वाटतोय. फोटो बघून काढणं चीटिंग आहे का? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर: चीटिंग वगैरे काही नाही. पण तुम्हाला स्वतःलाच कॅलेंडर वाटतंय म्हणजे डोळा तयार आहे, हे चांगलं लक्षण.

होतं काय की फोनचा कॅमेरा वाइड असतो, त्यात जवळचं गवत मोठं आणि लांबचे डोंगर बुटके होऊन जातात, तिथं उभं असताना पलीकडची डोंगररांग छातीवर आल्यासारखी वाटते आणि फोटोत ती बोटभर उरते. सावल्या काळ्या होतात, आकाश एकतर पांढरं फटक पडतं नाहीतर फोन आपल्या मनानं निळं करून देतो, आणि फुलं आपल्या मनानं भडक करतो. म्हणजे काय काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे सगळं आधीच फोननं ठरवलंय आणि तुम्ही महिनाभर बसून त्याचं ऐकलंय.

स्टुडिओत लँडस्केप करायची जुनी पद्धत अशी की बाहेर जाऊन छोटं स्केच करायचं आणि मोठं चित्र आत येऊन करायचं. एक कारण सोयीचं होतं. टिनची पिळायची रंगाची ट्यूब १८४१ मध्ये आली, जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं पेटंट घेतलं होतं, त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे, तो घेऊन डोंगरावर कोण जाणार. पण सोय हे एकच कारण नव्हतं. इंग्लंडचा कॉन्स्टेबल बघा, त्याचं ते नदीतल्या गाडीचं प्रसिद्ध चित्र, 'द हे वेन', १८२१ चं, सहा फूट रुंद, ते गावाकडच्या नदीचं आहे पण रंगवलंय लंडनच्या स्टुडिओत, गावाकडं केलेल्या स्केचेसवरून. आणि त्याच सुमाराला तो हॅम्पस्टेडला जाऊन नुसते ढग रंगवायचा, छोट्या कागदांवर, आणि त्यावर तारीख, वेळ, वारा कुठून होता हे लिहून ठेवायचा. आठवण कच्ची असते हे त्याला माहीत होतं, म्हणून टिपणं.

तुम्ही पण असंच करा. परत कासला जा, फोन गाडीत ठेवा. दोन तास बसा. वहीत पेन्सिलनं हाताच्या पंजाएवढी दोन-तीन स्केचेस, आणि बाजूला आपल्या भाषेत लिहा: जांभा ओला आहे, काळपट लाल, डावीकडचा ढग खालून जांभळट, ऊन नाही, तेरड्याचा पट्टा मधेमधे तुटलेला. घरी येऊन एक दिवस काहीच करू नका. मग वहीवरून ९ बाय १२ चं छोटं ऑईल करा. जे आठवत नाही ते चित्रात नको असतं, असं माझं मत आहे, सगळ्यांना पटत नाही. तेरड्याचं एकेक फूल काढू नका, लांबून तो गुलाबी-जांभळा तुटक पट्टा आहे, पट्टाच ठेवा, अगदी पुढं दहा-बारा ठिकाणी ब्रश टेकवला की डोळा बाकीची फुलं आपली आपण मोजतो. सोनकी असेल तर तो पिवळा सगळ्यात शेवटी आणि अगदी जपून, नाहीतर तोच सगळं चित्र खाऊन टाकतो.

फोटो शेवटच्या दिवशी बघा, ब्लॅक अँड व्हाईट करून, एखाद्या उताराची रेघ तपासायला.

प्रश्न: यूट्यूबवर अर्ध्या तासात बर्फाचे डोंगर, पाईनची झाडं आणि तळं करून दाखवतात. मी तसं आपल्या सह्याद्रीचं केलं तर सगळा रंग चिखल झाला आणि डोंगर हिमालयासारखा दिसतोय. (वाई)

उत्तर: ओल्यावर ओला रंग लावायची ती पद्धत खरीच आहे, खूप जुनी आहे, त्यात काही खोट नाही. पण ते लोक खालचा थर पातळ आणि वरचा घट्ट ठेवतात, ब्रश एकदा टेकवतात आणि उचलतात. आपण घासतो. तीन वेळा घासलं की चिखल. ब्रश प्रत्येक टेकवणीनंतर पुसा, धुऊ नका, नुसता पुसा. एवढ्यानंच निम्मा चिखल कमी होईल.

डोंगराचं म्हणाल तर आपला डोंगर मुळातच तसा नाही. टोकदार त्रिकोण काढला की तो हिमालयच होणार. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आडवे. म्हणून आपल्या डोंगराचा माथा टेबलासारखा सपाट, खाली काळ्या कड्याची उभी पट्टी, मग गवताचा उतार, परत कडा, परत उतार, जिन्यासारखं. तुम्ही वाईत राहता, दारातून पांडवगड दिसतो, एकदा पायऱ्या मोजून बघा. कड्याच्या पट्ट्या आडव्या आणि गवताचे उतार तिरके, एवढं धरलं की पाईनचं झाड काढलं तरी डोंगर मराठीच दिसेल.

प्रश्न: आमच्या गावात लाकडी घाणा आहे, जवसाचं तेल ताजं मिळतं. दुकानातली लिनसीडची छोटी बाटली एवढी महाग, मग तेच तेल रंगात घातलं तर? आणि शेंगदाण्याचं? (कोरेगाव)

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला. लिनसीड म्हणजे जवसच, आपण ज्याची चटणी करतो तेच. जुने चित्रकार थंड दाबाचंच तेल वापरायचे. पण घाण्याच्या ताज्या तेलात चिकट गाळ असतो, तो तसाच रंगात गेला तर रंग नीट वाळत नाही आणि पिवळाही जास्त पडतो. ते तेल पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन, गाळ खाली बसवून, वरचं निथळून महिने-महिने उन्हात ठेवायची पद्धत आहे. हौस असेल तर एका बाटलीवर जरूर करून बघा, पण चित्रासाठी सध्या आर्टिस्टचं रिफाइंडच घ्या. ते लागतंच किती, एका चित्राला चार-पाच चमचे.

शेंगदाण्याचं मात्र अजिबात नको. ऑईल पेंट वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडत नाही, पाणी नसतंच त्यात, ते तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन घट्ट होतं. जवस, अक्रोड ही तेलं अशी घट्ट होतात. शेंगदाण्याचं होत नाही, वर्षभरानं बोट लावा, चिकटच. करडईचं त्यातल्या त्यात होतं, सावकाश, आणि ते पिवळं कमी पडतं म्हणून कंपन्या काही पांढऱ्या रंगांत तेच घालतात. तरी किचनमधली करडईची बाटली उचलून आणू नका, स्वयंपाकाच्या तेलाचं काही सांगता येत नाही, कुठलं कसं वाळेल.

प्रश्न: जुलैत काढलेलं चित्र महिना झाला तरी चिकट आहे. पुढच्या पंधरवड्यात प्रदर्शनाला द्यायचंय. हेअर ड्रायर मारू का? वरून वार्निश मारलं तर? (सातारा, कॉलेजचा विद्यार्थी)

उत्तर: ड्रायर नको रे बाबा, वरची साय वाळेल आणि आतला रंग ओलाच राहील, नंतर सुरकुत्या. वार्निश तर अजिबात नको, त्यासाठी पातळ चित्राला सहा महिने आणि जाड चित्राला वर्षभर तरी थांबतात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात एकतर हवा दमट, वर ढगाळ आणि तुम्ही चित्र बहुतेक कपाटामागं भिंतीकडं तोंड करून ठेवलं असणार. ते बाहेर काढा. उजेडात, वारा लागेल असं, पण थेट उन्हात नाही. अंधारात तेल सावकाश वाळतं आणि पिवळं पण पडतं, उजेडात आणलं की पिवळेपणा बराच परत जातो. चिकट कुठं आहे तेही बघा. टायटॅनियम व्हाईट, कॅडमियम, क्रिमसन, काळा, हे सगळे आळशी रंग, आणि तू ढगांत पांढरा लोण्यासारखा थापला असशील. पुढच्या वेळी खालचे थर टर्पेंटाईनचे, तेलाशिवाय, आणि वर वर जाताना तेल थोडं थोडं वाढवत न्यायचं. उलटं केलं, म्हणजे तेलकट थरावर सुका थर, तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर आकसतो आणि तडे जातात, काळ्या रानातल्या उन्हाळ्यातल्या भेगांसारखे.

प्रदर्शनवाल्यांना सांग चित्र ओलं आहे, हात लावू नका अशी चिठ्ठी लावून टांगतात. काच मात्र लावू नको.

प्रश्न: वन बीएचके फ्लॅट, लहान मूल, सासऱ्यांना दमा. टर्पेंटाईनच्या वासानं घरात भांडणं होतात. ऑईल सोडू का? (सदर बझार, सातारा)

उत्तर: सोडू नका, टर्पेंटाईन सोडा. दमा असलेल्या माणसाच्या घरात तो वास खरंच नको, सासरे उगाच बोलत नाहीयेत. कमी वासाचं थिनर मिळतं पण त्याची पण वाफ असतेच, खिडकी उघडी हवीच. तुम्ही असं करा, पाण्यात मिसळणारे ऑईल कलर आता मिळतात ते घ्या, किंवा साध्या ऑईलमध्ये फक्त लिनसीडचा थेंब घेऊन पॅलेट नाईफनं काम करा, नाईफला धुवावं लागत नाही, पुसलं की झालं. ब्रश धुवायला आधी कागदावर रंग काढून टाकायचा, मग स्वयंपाकाचं तेल, मग भांड्याचा साबण दोन-तीनदा, तेल ब्रशात राहिलं तर पुढच्या रंगात जाईल. रॉकेलनं धुणारे खूप आहेत, तुमच्या घरात तेही नको.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच वाचा. लिनसीड लागलेल्या चिंध्या गोळा करून पिशवीत किंवा डब्यात कोंबून ठेवू नका. तेल वाळताना उष्णता निघते, कोंबलेल्या चिंधीत ती अडकते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. आमच्या क्लासमध्ये एका मे महिन्यात कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा हाताला गरम लागला, आत मुलांनी आठवड्याच्या चिंध्या दाबून ठेवल्या होत्या. तेव्हापासून चिंध्या दोरीवर मोकळ्या वाळत टाकतो नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, अहो हे काय वाळत घातलंय.

प्रश्न: गच्चीवर एक खोली बांधून स्टुडिओ करतोय. पुस्तकात लिहिलंय नॉर्थ लाईट पाहिजे, उत्तरेला मोठी खिडकी घेतली. मे महिन्यात त्यातून ऊन आत आलं! कंत्राटदारानं दिशा चुकवली का? वर हिरवा फायबरचा पत्रा टाकायचा विचार आहे. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर: कंत्राटदाराला उगाच बोलू नका, या एका बाबतीत तरी त्याची चूक नाही. ती पुस्तकं युरोपातली, तिथं भर दुपारी सूर्य कायम दक्षिणेकडं. आपण १७ अंशाच्या आसपास, आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस असतो ना, मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, त्या दिवसापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. आणि मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन उत्तरेच्या खिडकीत येतंच. तरी उत्तरच चांगली, बाकीचे महिने उजेड दिवसभर सारखा राहतो. खिडकीला वर दीड-दोन फुटाचा छज्जा घ्या आणि आत पांढरा पातळ पडदा, उन्हाळ्यापुरता.

हिरवा पत्रा मात्र मुळीच नको. खोलीभर हिरवा उजेड, डोळा त्याला सरावतो, तुम्ही नकळत चित्रात लाल वाढवणार आणि हॉलमध्ये नेल्यावर चित्राला गोवर आलेला दिसणार. भिंती पण पोपटी-गुलाबी नको, फिकट राखाडी द्या. रात्री काम करत असाल तर ५००० केल्विनच्या आसपासचा एलईडी, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वरचा, खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि कॅनव्हास आणि पॅलेट दोन्हीवर तोच उजेड पडला पाहिजे. पॅलेटवर एक दिवा आणि कॅनव्हासवर दुसरा, हे मी खूप ठिकाणी बघितलंय.

प्रश्न: सामान काय काय घ्यावं? दुकानदारानं २४ रंगांचा सेट गळ्यात मारला. (फलटण)

उत्तर: मारू दे, संपेल तेव्हा सुटे घ्या. टायटॅनियम व्हाईट मोठी ट्यूब, बाकी छोट्या: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर. हॉग हेअरचे तीन फ्लॅट ब्रश, एक बारीक गोल, एक नाईफ. कॅनव्हास प्राईम केलेलाच, म्हणजे अस्तर मारलेलाच घ्या, कोऱ्या कापडावर तेल गेलं की कापड सडतं. घरी ॲक्रिलिकचा जेसो, म्हणजे तेच पांढरं अस्तर, मारून त्यावर ऑईल चालतं, ऑईलवर ॲक्रिलिक चालत नाही.

प्रश्न: खरी ऑईल पेंटिंग आम्ही मोबाईलवरच बघितलीत. जवळपास कुठं बघायला मिळतील? (सातारा)

उत्तर: अहो, औंध! साताऱ्याहून सकाळी निघालात तर दिवसात आरामात होतं. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलं. राजा स्वतः चित्रकार होता, म्हणून संग्रह असा आहे. राजा रविवर्मा, धुरंधर, सगळे तिथं आहेत, आणि साताऱ्यातली निम्मी चित्रकार मंडळी कधी गेलेली नसतात. तिथं रविवर्माच्या चित्रासमोर उभं राहून आधी चेहरा बघू नका, मागची झाडी आणि आकाश बघा, किती कमी तपशिलात उरकलंय ते. मग अगदी बाजूला सरकून उजेड तिरका पडेल असं बघा, पांढरा कुठं जाड आहे आणि गडद कुठं काचेसारखा पातळ आहे ते दिसतं. मोबाईलवर हे एवढंच दिसत नाही. आणि कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आबालाल रहमान बघा. मुंबईच्या जे.जे.त शिकून परत आला आणि कोटितीर्थ, रंकाळा असली आपल्याच दारातली तळी रंगवत राहिला.

प्रश्न: महागातला ब्रश रात्री न धुता राहिला, दगड झालाय. काही उपाय? (कराड)

उत्तर: गरम पाणी आणि साबणात रात्रभर ठेवून बघा, थोडा सैल होईल, पण पहिल्यासारखा नाही होणार. टाकू नका. केस फिस्कारलेत ना, मग त्याला सुका ऑकर लावून हलक्या हातानं वर फटकारा मारा, डिसेंबरातलं कुसळी गवत एका फटक्यात येतं. नव्या ब्रशानं ते जमत नाही. माझ्याकडं असे चार आहेत आणि मुलांना मी ते देत नाही.